दहा वर्षांचा दुभाष्या

(नावं बदलली आहेत. कुटुंब कोणत्या देशाचं आणि हंगाम कोणत्या वर्षीचा, हे मुद्दाम लिहिलेलं नाही.)

पार्श्वभूमी

मी मूळची सावंतवाडीची, लग्नानंतर गोव्यातल्या पेडणे तालुक्यात आले. शाळेतली नोकरी सोडल्यावर घराच्या पडवीत इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायला लागले. सुरुवातीला गावातलीच मुलं यायची. मोरजी, मांद्रे, हरमल या किनारपट्टीवर रशियन बोलणारे लोक बऱ्याच वर्षांपासून येतात. मोरजीत दुकानांच्या पाट्याही रशियन आहेत. ‘आप्तेका’ म्हणजे औषधांचं दुकान आणि ‘आरेंदा’ म्हणजे भाड्याने देणं, एवढं आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. २०२२ नंतर मात्र पंधरा दिवसांच्या पर्यटकांबरोबर वेगळीच कुटुंबं दिसू लागली. त्यांच्यासोबत मुलं होती, कुकर-कढया होत्या, आणि परत कधी जाणार हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं.

माझ्याकडे अशी सहा मुलं जमली. त्या सहांचे देश चार होते: रशिया, युक्रेन, बेलारूस आणि कझाकस्तान. घरी सगळे रशियनच बोलायचे. पहिल्याच दिवशी मी प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो तो पहिला प्रश्न विचारला, ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ दोघं एकमेकांकडे बघायला लागले, एकीने मान खाली घातली, आणि पडवीत जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. तो धडा मी तिथेच मिटला. दुसऱ्या दिवसापासून ‘तुला काय आवडतं’ यावर आले. आंबा सगळ्यांना आवडत होता.

या सहांपैकी एक त्योमा. पासपोर्टवर ‘आर्त्योम’, घरी ‘त्योमा’. वय दहा. बरोबर सहा वर्षांची बहीण आन्या आणि आई लेना. वडील मायदेशी होते. ते का आले नाहीत हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

त्याच्या आईला मुलाला इथल्या शाळेत घालायचं होतं. तो प्रयत्न एका सकाळीच आटोपला. आईचं आडनाव ‘ओवा’ने संपतं आणि मुलाचं ‘ओव’ने, म्हणजे आडनावं जुळत नाहीत, मग हा मुलगा हिचाच कशावरून, असा प्रश्न कचेरीत निघाला. रशियन आडनावाला बायकांसाठी ‘आ’ लागतो, आणि आपल्यासारखंच त्यांच्याही नावात मध्ये वडिलांचं नाव असतं, हे मी समजावून सांगितलं. मधल्या नावाची गंमत कारकुनाला पटकन पटली. पण खरी अडचण पुढेच होती. कुटुंब पर्यटक व्हिसावर होतं आणि त्यावर नियमित शाळेत प्रवेश देता येत नाही, असं शाळेने सांगितलं. म्हणून त्योमाची रशियन ऑनलाइन शाळा चालू राहिली. मॉस्कोत साडेआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे अकरा. अकरा ते दीड-दोन त्याचा तास, आणि चार वाजता माझ्याकडे इंग्रजी.

मुलाचं इंग्रजी

हा मुलगा भराभर शिकला, पण अडखळायचा नेमका कुठे ते सांगायला हवं, कारण पुढचं प्रकरण त्यावरच उभं आहे.

दोन लिप्यांत काही अक्षरं दिसायला हुबेहूब सारखी, पण उच्चार भलतेच. इंग्रजी ‘पी’ त्याच्या डोळ्यांना ‘र’ दिसायचा, ‘एच’ दिसायचा ‘न’, ‘बी’ म्हणजे ‘व’ आणि ‘सी’ म्हणजे ‘स’. ‘कॅट’ हा शब्द तो पहिले काही दिवस ‘सात’ असा वाचायचा, आणि मी मराठी बाई, मला उगाच वाटायचं की हा आकडे मोजतोय. त्यांच्या हाताने जोडून लिहायच्या अक्षरांत तर ‘त’ हा इंग्रजी ‘एम’सारखा आणि ‘द’ हा ‘जी’सारखा निघतो. त्यामुळे वही तपासणं हे मलाच नवीन लिपी शिकण्यासारखं झालं. मी शिकलेही थोडी.

कानाच्या अडचणी वेगळ्या. शब्दाच्या शेवटचा घोष वर्ण रशियन तोंडात कठोर होतो, म्हणून ‘बॅग’ची ‘बॅक’ आणि ‘बेड’चा ‘बेट’. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद त्यांना नाही, त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’ एकच. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ हाही त्यातलाच घोळ. ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ ही आर्टिकल्स त्यांच्या भाषेत नाहीत. पण ती मराठीतही नाहीत, तेव्हा त्या बाबतीत मी कुणाला नावं ठेवत नाही.

जुळणारंही बरंच निघालं. चहाला ‘चाय’, साखरेला अगदी आपल्या कानाला ‘साखर’च वाटेल असा शब्द, अननसाला ‘अनानास’, दाराला ‘द्वेर’. आणि आईला ‘मामा’. त्योमा रस्त्याने ‘मामा! मामा!’ करत लेनाच्या मागे धावायचा, तेव्हा आमच्या शेजारच्या वहिनींना हसू आवरायचं नाही.

अडचण

लेनाला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. त्यामुळे घराचा सगळा बाहेरचा व्यवहार त्योमाच्या तोंडून चाले: वाणसामान, पाण्याची मोटर, सिलिंडर, स्कूटरवाला. मला याचं कौतुक होतं. वर्गात मी त्याला ‘आमचा छोटा दुभाष्या’ म्हणायचे. भाषा वापरल्यानेच येते, हे मी आयुष्यभर आईबापांना सांगत आलेली बाई. मला त्यात खटकण्यासारखं काही दिसलंच नाही.

सप्टेंबरच्या शेवटी आन्याला ताप आला. दवाखान्यात त्योमाने डॉक्टरांना सांगितलं, ‘माय सिस्टर हॅज अँजायना.’ डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठलेच. रशियनमध्ये ‘आंगिना’ म्हणजे घशातल्या गाठी सुजणं. इंग्रजीत तोच शब्द छातीतल्या कळेसाठी, हृदयाच्या दुखण्यासाठी आहे. डॉक्टरांनी घसा बघितला, त्यांना उलगडा झाला, ते हसले. मागे बसलेले पेशंटही हसले. मग नर्सने थर्मामीटर लावून ‘१०१’ म्हटलं आणि लेनाचा चेहरा पांढरा पडला. तिच्या घरच्या सेल्सिअस थर्मामीटरवर ३८.४ होतं. ३८.४ आणि १०१ हा एकच ताप आहे, हे त्या दहा वर्षांच्या पोराला समजावता आलं नाही. हे सगळं मला लेनानेच फोनवरच्या भाषांतरातून सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी वर्गात ‘आंगिना’चा किस्सा गंमत म्हणून सांगितला. मुलं हसली. त्योमा हसला नाही, आणि ते मला दिसलं नाही.

त्यानंतर तो वर्गात वेगळेच शब्द विचारायला लागला. ‘व्हेकेट’ म्हणजे काय? ‘अॅडजस्ट’ म्हणजे काय? ‘नोटीस’ला दुसरा शब्द कोणता? कुणाला थांबायला सांगायचं असेल तर सगळ्यात सभ्य वाक्य कोणतं? मी खूश. दहा वर्षांचं पोर सभ्य वाक्य मागतंय म्हणून मी फळ्यावर ‘कुड यू प्लीज वेट’पासून चढत्या क्रमाने पाच वाक्यं लिहून दिली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात वह्या तपासताना त्याच्या वहीचं शेवटचं पान उघडलं. डावीकडे हेच इंग्रजी शब्द ओळीने, उजवीकडे रशियन अर्थ, आणि खाली पेनाने दाबून, कागद फाटेल इतकं दाबून, एक ओळ. त्यातला एकच शब्द मला वाचता आला, कारण त्याची चारही अक्षरं दोन्ही लिप्यांत सारखी दिसतात: ‘मामे’, म्हणजे ‘मामाला’, आईला. उरलेली अक्षरं एकेक ओळखून फोनमध्ये टाकायला मला दहा मिनिटं लागली. अर्थ आला: ‘मामाला सांगायचं नाही.’

वही तपासायला दिली होती हे खरं. शेवटचं पान तपासायला दिलेलं नव्हतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी बाजारात घरमालक भेटला. मी सहज विषय काढला. तो म्हणाला, “टीचर, हांवें भुरग्याक केन्नाच सांगलां. तो म्हणटा, ‘मामा थिंकिंग’.” (मुलाला मी केव्हाच सांगितलंय, तो म्हणतो आई विचार करतेय.)

मग सगळं कळलं. नोव्हेंबरपासून हंगाम, म्हणून घरभाडं २२ हजारांवरून ४० हजार. नाही जमलं तर महिनाअखेर घर रिकामं करायचं. आमच्या पट्ट्यात हे दर वर्षीचं आहे, घरमालक काही राक्षस नव्हता. त्याने निरोप व्यवस्थित दिला होता, फक्त मुलाजवळ. त्योमाने तो आईला दिलाच नाही. मालकाला ‘आई विचार करतेय’ म्हणून थोपवलं आणि आईला सांगितलं की मालक मोटर वेळेवर बंद करायला सांगतोय. पंधरा दिवस पोराने दोन्ही बाजू एकट्याने सांभाळल्या होत्या. त्यासाठी लागणारी सभ्य वाक्यं मी पुरवली होती.

समोरचे पर्याय

महिना संपायला अठरा दिवस होते.

सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे लेनाला आजच सांगणं. पण कोणत्या भाषेत? फोनवरचं भाषांतर चहा-बिस्किटांपुरतं ठीक असतं. ‘तुमचा मुलगा पंधरा दिवस तुमच्यापासून हे लपवतोय’ हे वाक्य मशीनमधून कसं बाहेर पडेल याची मला धास्ती होती. शिवाय ते कळलं की मुलाला कळणार, मी त्याचं शेवटचं पान वाचलं.

दुसरा मार्ग, इंग्रजी येणाऱ्या दुसऱ्या रशियनभाषक बाईला मध्ये घेणं. माझ्याच वर्गातल्या एका मुलीची आई उत्तम इंग्रजी बोलायची. पण त्या दोन कुटुंबांचे देश वेगळे होते आणि दोघी एकमेकींशी फक्त नमस्कारापुरतं बोलायच्या. एका घराची अडचण दुसऱ्या घरात नेण्याचा अधिकार मला कुणी दिला होता? आज मागे वळून पाहताना वाटतं, मी इथे उगाच जास्त घाबरले. नंतर त्या दोघीच एकमेकींना धरून राहिल्या.

तिसरा, घरमालकाशी मीच बोलून मुदत मागणं आणि बाकी काही न बोलणं. हा मला फार मोहाचा वाटला. पण मग मी त्योमाचीच जागा घेतली असती. तो दहाचा होता, मी पन्नाशीची, एवढाच फरक.

चौथा, मुलानेच आईला सांगावं म्हणून त्याच्या पाठीशी उभं राहणं.

यशवंतरावांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, रात्री जेवताना एकच प्रश्न विचारला, “तू शिकवतेस कुणाला? गरज कुणाला आहे?” मी त्यांच्यावर चिडले होते हे नोंदवून ठेवते.

काय केलं

चौथा पर्याय घेतला आणि तिसऱ्याचा अर्धा भाग त्याला जोडला. आधी घरमालकाकडे गेले. म्हटलं, “भाऊ, निरोप पोराकडे देऊ नका. आठवडाभर थांबा, ती बाई स्वतः तुमच्याशी बोलेल.” तो म्हणाला, बोलणार कशी? मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. तोंडातून गेलं खरं, पण तेव्हा माझ्याजवळ काहीही योजना नव्हती.

त्योमाला तासानंतर थांबवलं. वहीचं पान मी वाचलं हे आधी सांगितलं आणि माफी मागितली. तो बराच वेळ पडवीच्या खांबाचा रंग नखाने खरवडत राहिला. मग इंग्रजीतच म्हणाला, आई मागच्या घराच्या वेळी रात्री रडली होती, आन्या झोपली होती पण मी जागा होतो. त्याच्या शब्दांत आर्टिकल्स नव्हती, क्रियापदांचे काळ सगळे वर्तमान होते, आणि एकही गोष्ट समजायची राहिली नाही. घरी त्याने त्या रात्री स्वतः सांगितलं. मी बरोबर येऊ का विचारलं, तो नको म्हणाला. सकाळी लेना एकटी आली, डोळे सुजलेले, हातात तीन झेंडूची फुलं. (फुलं विषम संख्येतच द्यायची, सम संख्या मयताला, हे मला आधीच्या एका पालकाने शिकवलं होतं.)

मग आयांचा वर्ग सुरू झाला. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी ११ ते १२, म्हणजे मुलं ऑनलाइन शाळेत बसलेली असताना. लेना धरून चौघी. लेनाला व्याकरण हवं होतं: नियम, तक्ते, गृहपाठ, लाल पेन. मुलांना मी प्रत्येक चुकीला थांबवत नाही याची तिला आधीपासून तक्रारच होती. मी तिला एक पान व्याकरण घरी करायला दिलं, त्याने तिचं समाधान झालं, आणि वर्गात फक्त प्रसंग घेतले. घरमालक, दवाखाना, औषधांचं दुकान, सी-फॉर्म. परदेशी माणूस घरात उतरला की घरमालकाला तेव्हा २४ तासांत सी-फॉर्म भरावा लागायचा, त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती लागायच्या. नवं घर बघायचं तर हे शब्द आधी हवे होते.

पहिल्या तासाला मी खऱ्या घरमालकालाच बोलावलं. तो चहा घेऊन खुर्चीत बसला आणि आपली नेहमीची वाक्यं म्हणाला. ‘टू मंथ डिपॉझिट.’ ‘लाइट बिल एक्स्ट्रा.’ ‘यू हॅव टू व्हेकेट बाय थर्टी.’ पुस्तकातल्या लंडनच्या घरमालकाशी याचं काडीचं नातं नव्हतं, आणि या बायकांना बोलायचं होतं ते याच इंग्रजीशी. ‘लाइट बिल’ मात्र चौघींना न सांगता समजलं. रशियनमध्येही विजेचे पैसे ‘प्रकाशाचे’ म्हणूनच भरतात. घरमालक इतका खूश झाला की जाताना म्हणाला, परत बोलवा.

फॉर्म भरतानाही एक घोटाळा सापडला. ‘फॅमिली मेंबर्स’ या रकान्यात चौघींनी आडनावं लिहिली. रशियन ‘फामिलिया’ म्हणजे आडनाव. तसंच ‘मागाझीन’ म्हणजे दुकान. ‘आंगिना’ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यावर फुली मारली.

पाठ करून घेतलेली वाक्यं दोनच. एक, ‘प्लीज राइट इट.’ आकडा ऐकला की कागद पुढे करायचा, म्हणजे थर्टीन की थर्टी हा प्रश्न उरत नाही. दुसरं, ‘प्लीज टेल मी, नॉट माय सन.’ हे वाक्य लेनाने माझ्याकडून स्वतः मागून घेतलं.

वेगळं काय करता आलं असतं

मुलाला सगळ्यातून एकदम बाहेर काढलं, ती माझी चूक. मला वाटलं होतं ओझं उतरल्यावर तो हलका होईल. तो रुसला. दोन आठवडे वर्गालाच आला नाही. घरात तो एकटाच बाहेरच्या जगाशी बोलणारा होता, ती त्याची ऐट होती, आणि मी आणि त्याच्या आईने मिळून ती काढून घेतली. नंतर आम्ही वाटणी केली. वाणसामान आणि स्कूटरवाला त्योमाकडे. डॉक्टर, घर आणि पैसे आईकडे, येत नसलं तरी आईकडेच. ही वाटणी पहिल्या दिवशी करायला हवी होती.

‘व्हेकेट’ हा शब्द दहा वर्षांच्या मुलाने विचारला तेव्हा मी अर्थ सांगितला. कुठे ऐकलास, हे विचारलं नाही. आता विचारते.

आणि दवाखान्याचा किस्सा वर्गात सांगायला नको होता.

वह्यांची शेवटची पानं वाचावीत की नाही, याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. वाचलं नसतं तर महिनाअखेरीला त्यांचं सामान अंगणात आलं असतं. तरी त्यानंतर मी मुलांना सांगते की मागची चार पानं तुमची, मी बघणार नाही, आणि बघतही नाही.

पुढे काय झालं

लेनाने घरमालकाशी स्वतः बोलून १५ नोव्हेंबरपर्यंत मुदत घेतली. नवं घर किनाऱ्यापासून आत, पार्से गावाकडे मिळालं, भाडं २० हजार. समुद्र लांब गेला, आन्या आठवडाभर कुरकुरली. आयांचा वर्ग फेब्रुवारीपर्यंत चालला, मग दोघी गेल्या आणि तो आपोआप बंद पडला. त्योमाचं इंग्रजी त्या काळात फारसं पुढे गेलं नाही. ‘बॅग’ची अजून ‘बॅक’च होती.

एप्रिलमध्ये तेही निघाले. निघायच्या आदल्या दिवशी नव्या घरमालकाकडे डिपॉझिट मागायचं होतं, लेनाने मला नुसतं उभं राहायला बोलावलं. ती वहीतला हिशेब उघडून उभी होती: डिपॉझिट, त्यातून एप्रिलचं लाइट बिल वजा. मालकाने आकडा सांगितला. तिने कागद पुढे केला, त्याने लिहून दिला. तिने तो मोठ्याने वाचला, ‘थर्टीन थाउजंड.’

त्योमा पायरीवर बसून पेप्सी-कोला चोखत होता. त्याने मान वर केली नाही.

“थर्टी, मामा,” एवढंच म्हणाला.